जपानी शाळेतल्या परदेशी शिक्षकाला गुण देण्याचा अधिकार हवा

तोक्योतल्या एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेत मी इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. इथे आम्हाला 'एएलटी' म्हणतात. पुण्यात जपानी शिकणाऱ्या ओळखीच्या मुली हे काम स्वीकारावे का, असे वारंवार विचारतात. काम जरूर स्वीकारावे, पण ते ज्या व्यवस्थेत करावे लागते ती बदलायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

परदेशी तरुणांना शाळांत आणण्याची पद्धत १९८७ साली सुरू झालेल्या सरकारी 'जेट' कार्यक्रमामुळे देशभर रुजली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले होते. त्या कार्यक्रमात करार एकेका वर्षाचा असतो आणि पाच वर्षांपलीकडे वाढत नाही. अनेक ठिकाणी खासगी कंपन्यांमार्फतही माणसे घेतात. वर्गाची जबाबदारी मात्र परवानाधारक जपानी शिक्षकाची. आम्ही त्यांच्या सोबतीला. त्यामुळे कित्येक शाळांत सहायकाच्या वाट्याला धडा मोठ्याने वाचून दाखवणे आणि खेळ घेणे एवढेच येते.

चाळीसेक मुलांच्या वर्गात प्रश्न विचारला की बहुधा शांतता पसरते, आणि जपानी मुले लाजाळूच असतात असे नवखे परदेशी शिक्षक ठरवून टाकतात. मला हे मुळीच पटत नाही. हीच मुले शाळा सुटल्यावर क्लबच्या सरावात मैदान दणाणून सोडतात आणि सांस्कृतिक महोत्सवात स्वतः लिहिलेले नाटक शेकडो लोकांसमोर सादर करतात. प्रश्न विचारल्यावर आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू दिले, तर तीच मुले नीट विचार केलेली उत्तरे देतात. सगळ्यांसमोर चुकण्याची भीती आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की बोलण्याला त्यांच्या भवितव्यात किंमत नाही.

जानेवारीत होणाऱ्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत इंग्रजी वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० गुण असतात. बोलण्याला एकही नाही. बोलणे आणि लेखन तपासणाऱ्या खासगी परीक्षांचे निकाल प्रवेशासाठी वापरण्याचा बेत सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढे ढकलला आणि नंतर सोडूनच दिला. त्या परीक्षांचे शुल्क आणि गावाकडच्या मुलांना केंद्रापर्यंत करावा लागणारा प्रवास पाहता त्या बेताला झालेला विरोध योग्यच होता. पण त्यामुळे मूळ प्रश्न सुटलेला नाही. तोक्योने २०२२ पासून माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी बोलण्याची परीक्षा सुरू केली असून तिचा निकाल सरकारी उच्च माध्यमिक शाळांच्या प्रवेशात धरला जातो. तिच्यावरही बरीच टीका झाली. तरीही बोलण्याची तयारी करून आमच्याकडे आलेल्या मुलांनी पुढची तीन वर्षे पुन्हा वाचनाच्या सरावातच घालवावीत, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात बोलण्याला ठरावीक वाटा असावा, प्रत्येक मुलाची तोंडी परीक्षा जपानी शिक्षक आणि सहायक यांनी मिळून घ्यावी, आणि त्या गुणांवर दोघांचाही अधिकार असावा. पदवीच्या मार्गाने परवाना न मिळालेल्या जाणकार व्यक्तींना विशेष शिक्षक-परवाना देण्याची तरतूद जपानी कायद्यात १९८८ पासून आहे. अनुभवी सहायकांसाठी ती सढळपणे वापरावी. जपानी सहकाऱ्यांवर वर्गशिक्षकाचे काम, क्लब आणि सभा यांचा इतका भार असतो की जबाबदारी वाटून घेणारा माणूस त्यांनाही हवाच आहे.

अशा परीक्षेत आपल्यासारख्यांचा विशेष उपयोग होईल. मी मराठी माध्यमात शिकले आणि एबीसीडी पाचवीत गिरवायला लागले. हे सांगितल्यावर मुले शब्द कसे पाठ केलेत, उच्चारांना कोणी हसले का, असे मनापासून विचारतात. अमेरिकन वळणाचा नसलेला, पण स्पष्ट आणि समजणारा उच्चार पूर्ण गुणांचा आहे हे मी त्यांना सांगते. पण गुण देण्याचा अधिकार नसताना त्या सांगण्याला फारसे वजन उरत नाही.

येऊ इच्छिणाऱ्या मुलींनी मुलाखतीत पगाराबरोबरच तीन गोष्टी विचाराव्यात: पाठाचे नियोजन जपानी शिक्षकासोबत बसून करण्यासाठी वेळापत्रकात वेळ आहे का, तोंडी परीक्षा होते का, आणि सुट्ट्यांच्या महिन्यांत वेतन मिळते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारात लिहून घ्यावे.