बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो? नाही होत!

माझ्या मावशीने परवा तिच्या भाडेकरूंना घर खाली करायला सांगितलं. दहा वर्षं झाली ते कुटुंब तिथे राहतंय, भाडं कधी थकलेलं नाही, दर वेळी करार नवा होतो, मुलगी यंदा दहावीला आहे. आणि कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज. "सुप्रीम कोर्टाचा निकाल! भाडेकरू १२ वर्षं राहिला की घर कायद्याने त्याचं!" खाली सल्ले दिलेत, लाइट बिल भाडेकरूच्या नावावर होऊ देऊ नका, ११ महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे, आणि निघत नसेल तर लाइट-पाणी तोडा, कुलूप बदला, घर तुमचं आहे. मला हा मेसेज चार जणांकडून आलाय, तीन वेळा गप्प बसले, पण आता एका मुलीच्या परीक्षेच्या वर्षात घर हलायची वेळ आली म्हणून लिहितेय.

आधी बारा वर्षांचं. निकाल खरा आहे, ७ ऑगस्ट २०१९ चा, रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. पण त्यात भाडेकरूचा प्रश्नच नव्हता! प्रश्न एवढाच होता की ज्याचा प्रतिकूल कब्जा (आपण ॲडव्हर्स पझेशन म्हणतो तेच) पूर्ण झालाय, त्याने हा मुद्दा फक्त बचावात घ्यायचा की स्वतःहून दावाही लावायचा. कोर्ट म्हणालं, दावाही लावता येईल. बारा वर्षांची मुदत काही कोर्टाने तेव्हा नव्याने आणलेली नाही, ती १९६३ च्या मुदत कायद्यात (दावा किती काळात लावायचा ते सांगणारा कायदा), अनुच्छेद ६५ मध्ये आधीपासून आहे.

आणि प्रतिकूल म्हणजे काय ते तरी बघा. मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग, "ही जागा माझीच" म्हणून बसणं. भाडेकरू तर दर महिन्याला भाडं भरून उलट कबूल करत असतो की मालक तुम्हीच. परवानगीने राहणाऱ्याचा कब्जा प्रतिकूल होत नाही, मग तो १२ वर्षं राहो नाहीतर ४०. शिवाय जुन्या पुरावा कायद्यात कलम ११६ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात ते १२२ झालंय, त्यात सरळ आहे की भाडेकरू म्हणून आत आलेल्या माणसाला भाडेकरार चालू असताना, आणि नव्या कायद्यात तर त्यानंतरही, "सुरुवातीला हा मालकच नव्हता" असं म्हणता येत नाही, आणि मालकाच्या परवानगीने, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्यालाही तेच लागू.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. करार संपला, भाडं बंद झालं, समोरचा मालकी नाकारतोय आणि तरी मालक १२ वर्षं काहीच करत नाही, तर दावा मुदतीत बसणं अवघड होतं. पण ते मालकाच्या दुर्लक्षाने होतं, भाडेकरूच्या राहण्याने नाही. महाराष्ट्रात ही भीती का बसलीय तेही मला कळतं, १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरू केलं आणि त्यांना काढणं खूप कठीण झालं. पण भाडेकरूच केलं हो, मालक नाही!

आता कुलूप बदलायचा सल्ला, मला सगळ्यात जास्त संताप याचा आलाय, कारण हा ऐकून साधी माणसं स्वतःच गुन्ह्यात अडकतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९, मालकाला योग्य कारणाशिवाय पाणी, वीज असल्या आवश्यक सेवा तोडता येत नाहीत, तोडल्या तर शिक्षा आहे. आणि कोर्टाच्या मार्गाने न जाता कोणाला बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून कब्जा परत मागू शकतो, आणि त्यात मालक कोण हे बघितलंच जात नाही. म्हणजे घर तुमचं असूनही तुम्ही हरलात.

नोटरीचं तर उलटंच सांगितलंय. महाराष्ट्राबाहेर बऱ्याच ठिकाणी एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला रजिस्ट्रेशन लागत नाही म्हणून ११ महिन्यांची पद्धत पडली, एवढंच त्यात खरं. आपल्याकडे याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलटं सिद्ध होईपर्यंत. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि न निघणाऱ्याला ठरलेल्या लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. खरं संरक्षण इथे आहे आणि मेसेज नेमकं हेच सोडून नोटरी पुरे म्हणतो.

लाइट बिलाने मालकी ठरत नाही, त्यावर आणखी लिहायची गरज नाही.

मावशीला काल सगळं फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग आता त्यांना काय सांगू, मीच घर खाली करायला सांगितलंय ना. मी म्हटलं, तू स्वतः जा, चूक झाली म्हण आणि नव्या कराराच्या रजिस्ट्रेशनची तारीख घेऊनच जा. रविवारी जातेय, मीही बरोबर आहे.