‘नुसता पंप धुऊन ३५० रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

बागेतल्या तळ्याचा पंप दोन महिन्यांत बंद पडला, तक्रार केल्यावर दोन दिवसांनी माणूस आला आणि ‘नुसता पंप धुऊन ३५० रुपये घेऊन गेला’, असं लिहून तुम्ही एक स्टार दिलाय. दोन दिवस कारंजं बंद होतं, मासे वर येऊन तोंड उघडत होते, तुम्हाला काळजी लागून राहिली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण ‘नुसता धुऊन’ हे शब्द लागले. आमचं दुकान छोटं आहे, गिऱ्हाईक फोन करण्याआधी स्टार बघतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पंप जळला नव्हता. घूं घूं आवाज येत होता, म्हणजे कॉइल (मोटारीतली तारेची गुंडाळी) चांगली, रोटर (आतला चुंबक आणि पाती असलेला फिरणारा भाग) अडकलेला. बाहेरची जाळी आणि स्पंज धुणं हे खरंच दोन मिनिटांचं काम, पण तेवढ्याने पंप चालू झाला नाही. मग पुढचं झाकण काढून रोटर बाहेर ओढला. पात्यांच्या मुळाशी शेवाळाचे केसासारखे धागे आणि त्यात गुलमोहराची पानं, असं घट्ट वेटोळं बसलं होतं. आंब्याचं पान जाळीवरच अडकतं, गुलमोहराचं बारीक पान फटीतून सरळ आत जातं. ते सगळं चिमट्याने काढलं, तरी रोटर मोकळा फिरेना, कारण चुंबकावर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार चढला होता. चुंबक आणि त्याच्या भोवतीचं भोक यांत फट इतकी कमी असते की पातळसा थरही पुरतो. हा थर सुरीने खरवडायचा नसतो. चुंबकावर चरे पडतात आणि सिरॅमिकचा शाफ्ट, म्हणजे रोटर ज्यावर फिरतो तो दांडा, कट्‌कन मोडतो. म्हणून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन रोटर अर्धा तास भिजवला, जुन्या टूथब्रशने तो आणि आतलं भोक घासलं, साध्या पाण्याने धुतलं, झाकणाची गोल रबरी ओ-रिंग नीट बसवली, आधी बादलीत चालवून पाहिलं आणि मग पंप तळ्यात सोडला. सव्वा तास लागला. ३५० रुपये त्याचे, जाण्यायेण्यासकट, आणि ते फोनवर आधीच सांगितले होते. वॉरंटी कॉइलची आहे, कचऱ्याची नाही. बिलामागे तसं छापलंय.

तसाच नवा पंप आमच्याकडे १,४५० ला मिळतो. ‘हा गेला’ म्हणून तो गळ्यात मारणं सोपं होतं. आम्ही तसं करत नाही.

आणखी एक, राग मानू नका. पंपाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी गुंडाळून दोरीने आवळलेलं होतं. धार बारीक झाल्यावर, आणखी कचरा जाऊ नये म्हणून केलं असणार, हेतू चांगलाच. पण इतकी बारीक जाळी शेवाळाने लगेच बुजते. हा पंप पाण्यानेच गार राहतो. पाणी कमी पडलं की तापतो, आणि तापलेल्या भागावर क्षार लवकर धरतो. त्यापेक्षा भाजीच्या जाळीदार प्लास्टिक टोपलीत पंप ठेवा आणि टोपली दोन विटांवर, म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही. स्पंज पंधरवड्याने धुवा, तोही तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजातले उपयोगी जिवाणू मरतात. आधी प्लग काढायचा, आणि पंप वायरला धरून कधीच उचलायचा नाही, तिथलं सील सुटलं की पंप खरोखर गेला. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेही बघत राहा.

यापुढे पंपासोबत सफाईचा मराठी कागद द्यायचा विचार चालू आहे, आणि तक्रारीला लवकर माणूस पाठवायचाही प्रयत्न करू.

कारंजं आता नीट चालत असेल, तर स्टारचा पुन्हा विचार करावा ही विनंती. स्पंज धुऊनही धार वाढली नाही, तर पंप दुकानात घेऊन या. तुमच्यासमोर रोटर उघडून दाखवू, त्याचे पैसे घेणार नाही.