पुढची कोणती घेऊ, मावशी?

गेल्या रविवारी दुपारी भांडी आवरून मी कांजी घेऊन बसले होते (कपड्यांना घालायची नव्हे, जपानीतली चिनी अक्षरं), तेवढ्यात बेल वाजली. दारात मावसबहिणीचा मुलगा, काखेत लॅपटॉप. चपला काढता काढताच म्हणाला, "मावशी, पुढची भाषा कोणती घेऊ? तुझ्याशिवाय कोणाला विचारणार?"

'घेऊ' म्हणाला. गहू घ्यावेत, टीव्ही घ्यावा, तशी भाषा. आणि 'पुढची'! मागच्या चार आहेत. जपानी झाली अक्षरांच्या तक्त्यातल्या ना-नि-नु-ने-नोच्या ओळीपर्यंत. जर्मन झाली 'माझं नाव अमुक' इथपर्यंत. स्पॅनिशमध्ये त्याने एक सफरचंद खाल्लं. कोरियन मालिकेसोबत सुरू झाली आणि मालिकेसोबत संपली. हे सगळं दोन वर्षांत.

मी तासभर खरा सल्ला दिला. तो त्याला आवडला नाही, हे त्याच्या चहा पिण्यावरूनच कळलं. म्हणून आता आवडेल असा सल्ला लिहिते. घरबसल्या, स्वतःच्या हिमतीवर, क्लासबिस न लावता परदेशी भाषा शिकू पाहणाऱ्या सगळ्या होतकरूंच्या कामी येईल.

तर मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे भाषा शिकायला बसायचं नाही. आधी निवडायची. निवड हा या विद्येतला सर्वांत आनंदाचा टप्पा आहे आणि तो लांबवावा तितका लांबतो. वर्षभर सहज पुरतो. या काळात व्याकरण लागत नाही, पाठांतर लागत नाही, आणि कोणी विचारलं तर 'सध्या भाषांचं चाललंय माझं' असं खरंखुरं सांगता येतं.

निवडताना स्कोप बघा. कुठल्या भाषेला स्कोप आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं ज्यांना एकही परदेशी भाषा येत नाही. लग्नाच्या पंगतीत ते नेमके तुमच्या शेजारी बसतात. माझ्या लहानपणी स्कोप रशियनला होता. गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं मिठाच्या भावात मिळायची. मग १९९१ साली तो सोव्हिएत देशच विसर्जित झाला आणि सहा विभक्त्या घोकलेली माणसं बँकांच्या परीक्षांना बसली. पुढे पुण्यात जपानीला स्कोप आला. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तर आमच्या गल्लीतल्या टायपिंगच्या क्लासवरसुद्धा 'जर्मन शिका'चा फलक लागला. त्या फलकाचा रंग वाळायच्या आत स्कोप कोरियनला गेलेला होता. स्कोप म्हणजे आमच्या सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीसारखा. आपण फलाटावर पोचतो तेव्हा तिचा मागचा दिवा दिसतो.

नव्या भाषेला नवी वही. जुन्या वहीतली कोरी पानं वापरणं अशुभ.

आता मुख्य साधन: एक्सेल. आमच्या चिरंजिवांनी लॅपटॉप उघडून तेच दाखवलं. चौदा भाषा, सहा रकाने. बोलणाऱ्यांची संख्या, पगार, लिपी, व्हिसा, 'मजा' आणि 'अवघडपणा'. प्रत्येकाला दहापैकी गुण, वर सूत्र. सूत्राप्रमाणे स्पॅनिश पहिली. पण स्पॅनिश तर सोडून झालेली, म्हणून 'मजा'चे गुण बदलले, तर इटालियन वर आली. तुम्हीही असंच करा. उत्तर पटेपर्यंत गुण बदलत राहा.

मी फक्त विचारलं, हा अवघडपणाचा रकाना कुठून भरलास? तर म्हणे, "ऑफिशियल आहे, मावशी." स्पॅनिश ६०० ते ७५० तास, जर्मन ९००, जपानी २२००. जगभर फिरत असलेली ती यादी. यादी खोटी नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आहे, तिची आहे. तिथे त्यांचे अधिकारी शिकतात, पगारी, रोज वर्गात बसून. आणि ते घरी इंग्रजी बोलतात. तू घरी काय बोलतोस रे? अमेरिकन वकिलातीत लागलायस का तू? तुझ्या आईने कालच फोनवर मला सांगितलं, "नवी भाजी करून बघितली, उरली ती झाकून ठेवली, सकाळी मीच खाऊन टाकली." करून बघितली! भाजी 'बघायची' कशी, हे इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला समजावायला पुस्तकात एक अख्खा धडा घालावा लागतो. जपानीत काय म्हणतात? 'शिते मिरु.' शिते म्हणजे करून, मिरु म्हणजे बघणे. करून बघणे. 'शिते ओकु', ओकु म्हणजे ठेवणे. करून ठेवणे. 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणे. 'मोत्ते इकु' घेऊन जाणे, 'मोत्ते कुरु' घेऊन येणे. क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. ला-ने-चे-त सगळं नामाच्या मागे, आपल्यासारखं. उकडायला लागलं की 'आत्सुई देसु ने', आणि तो शेवटचा 'ने' म्हणजे जवळजवळ आपला 'ना': उकडतंय ना!

हा 'शिते मिरु'चा धडा मी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या इंग्रजी पुस्तकातून तीन आठवडे घोकत होते. तक्ते केले, बाण काढले. मग एका संध्याकाळी पोळ्या लाटताना ते वाक्य तोंडातल्या तोंडात मराठीत म्हटलं, आणि लाटणं हातातच राहिलं. तीन आठवडे मी माझ्याच स्वयंपाकघरातली वस्तू शेजारणीकडे मागत फिरत होते.

ना-नि-नु-ने-नोवर थांबला म्हणून सांगितलं ना? त्या तक्त्याच्या ओळी अशा: अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. स्वर अ, इ, उ, ए, ओ. हा क्रम ओळखीचा वाटत नाही का? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत अक्षरांचा अभ्यास जपानपर्यंत नेला, त्याची ही खूण. क, च, ट, त, प म्हणत वाढलेलं पोर त्या तक्त्यात अर्ध्यावर थांबतं, आणि रकान्यात लिहितं काय, तर 'लिपी: अपरिचित, २ गुण'!

कांजीचं मी खोटं सांगणार नाही. जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेली अक्षरंच २१३६ आहेत, आणि तिथे मराठीचा काडीचा उपयोग नाही. तिथे फक्त बसावं लागतं.

जर्मनला शेरा: 'तीन लिंगं, भयंकर'. आणि मुलीला जर्मनमध्ये नपुंसकलिंग, 'दास मेडशेन', म्हणून हा खदाखदा हसला. अरे, तुला लहानपणापासून घरात काय म्हणतात? 'कुठं उलथलंय ते कार्टं?' ते पोर, ते लेकरू, ते कार्टं. तीन लिंगं तू पाळण्यातून घेऊन आलास. 'टेबल ते का आणि खुर्ची ती का' हे आजवर कोणी विचारलं तर तुला सांगता आलं असतं का? मग जर्मन माणसाकडे कारण कशाला मागतोस? आणि आकडे उलटे म्हणून आणखी एक गुण कापला. एकवीसला ते म्हणतात 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. एकवीस! आपल्याही तोंडात एक आधी आणि वीस नंतर. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा मराठी बुडाली म्हणून फॅमिली ग्रुपवर बोंब कोणी मारली होती? याच्याच बाबांनी. त्या घरातला मुलगा जर्मनांना उलटे म्हणतो.

असो. उपरोधिक लेख आहे, मला आवाज चढवायचा नव्हता. पुढचा सल्ला.

ॲपमधली स्ट्रीक, म्हणजे न चुकता रोज उघडल्याची साखळी, मोडू देऊ नका. भाषा मोडली तरी चालेल.

भाषा सुरू करायच्या आधी स्टेटसला जाहीर करा. अभिनंदनं तेव्हाच येतात. तीन वर्षांनी तुम्ही एखादी बातमी शब्दकोशाशिवाय वाचता तेव्हा कोणीही लाइकचा अंगठा देत नाही.

भाषा निवडताना आपलं भांडवल मोजा. चावी, परात, घमेलं, पगार, लिलाव, तुरुंग, नाताळ, हापूस. हे सगळं पोर्तुगिजांकडून आलेलं आहे. म्हणजे आंबा विकत घेण्यापासून तुरुंगात जाण्यापर्यंतची सोय झालीच. एवढ्यावर प्रोफाइलमध्ये 'पोर्तुगीज: मध्यम' लिहायला हरकत नाही. मडगावच्या एखाद्या आजीशी गाठ पडणार नाही, एवढी काळजी घ्या.

'दहा भाषा सहज बोलणाऱ्या माणसा'चे व्हिडिओ जरूर बघा. तो प्रत्येक भाषेत 'मी दहा भाषा बोलतो' एवढंच बोलतो, पण उच्चार छान असतात.

परीक्षा देऊ नका. परीक्षेत नेमकं किती येतं ते कळतं.

कंटाळा आला की समजा, ही भाषा तुमच्यासाठी नव्हती. हा फार उपयोगी नियम आहे, कारण कंटाळा प्रत्येक भाषेत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतोच. नमस्कार, पाणी, सफरचंद, माझं घर, माझं कुत्रं इथपर्यंत रोज काहीतरी नवं हाताला लागतं. मग अचानक महिनाभर अभ्यास करूनही काल होतो तिथेच आहोत असं वाटतं. त्याच दिवशी एक्सेल उघडावं.

आणि ज्याला कोणाला खरोखर थोडी भाषा येते, त्याच्या घरी रविवारी दुपारी जावं, कारण रविवारी दुपारी तो रिकामाच असणार. त्याची पुस्तकं बघावीत. त्यातलं एखादं न्यावं. 'मोत्ते इकु', घेऊन जाणे. हे क्रियापद आमच्या भाच्याने एका दिवसात आत्मसात केलं. माझा जपानी-इंग्रजी शब्दकोश त्याने गेल्या गणपतीत नेला. बाइंडिंग सुटलं म्हणून मी चिकटपट्टी लावलेला, समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला.

आता हा सल्लाबिल्ला पुरे.

तू निघताना काय म्हणालास, आठवतंय? टेबलावरची माझी वही उलटसुलट केलीस आणि म्हणालास, "सहा वर्षं एकच भाषा? बोअर नाही होत, मावशी?"

होतं. ऐक आता. पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून येते मी, आणि रात्री साडेनऊला ही वही उघडते. बहुतेक रात्री अर्ध्या तासात डोळे मिटतात. आठशे अक्षरांवर मी दोन वर्षं अडकले आहे. नवं अक्षर आत येतं तेव्हा जुनं एक मागच्या दाराने निघून जातं. गेल्या डिसेंबरात जपानीची परीक्षा दिली, एन-थ्रीची, म्हणजे पाच पातळ्यांतली मधली. पास व्हायला १८० पैकी ९५ लागतात. मला ८८ पडले. पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले, कात्रजला तासभर अडकले, धावतपळत वर्गात पोचले, आणि ऐकण्याच्या पेपरात ती बाई काय बोलली ते मला कळलं नाही. सात गुणांनी गेली. शेजारच्या बाकावर बसलेली मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान होती. कोणाला सांगितलं नाही मी. तुझ्या आईलाही नाही.

आणि तू मला गुणांचा तक्ता दाखवतोस! चार भाषांत तू एकच धडा चारदा शिकलास. तुला सफरचंद चार प्रकारे म्हणता येतं, आणि एकाही माणसाला 'काल कुठे होतास' हे विचारता येत नाही. स्पॅनिश घे, अरबी घे, फारसी घे, काहीही घे, मला काय त्याचं! चौदापैकी एकही वाईट नव्हती. ज्या दिवशी पहिल्यांदा कंटाळा आला त्या दिवशी तू उठलास, चारही वेळा. आणि पाचव्यांदा उठलास की 'मावशीने सांगितली होती' म्हणता यावं, म्हणून माझ्याकडे आलास. मी नाही सांगणार. माझ्या नावावर तुझी पाचवी वही फाडू नकोस.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी परत परीक्षेला बसतेय. मला तो शब्दकोश लागणार आहे, आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाहीत.

मोत्ते कोइ.

अर्थ लागला नाही तर बघ, शब्दकोश तुझ्याकडेच आहे.