हरभरे दोन लागले म्हणून लकवा होत नाही

निपाणीत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर सध्या एक मेसेज आहे. मधलं बोट तर्जनीवर चढवा, डोळे मिटा आणि त्या कात्रीत हरभरा फिरवा. दोन वाटले तर नस दबलीय, लकव्याची सुरुवात. दुसरी परीक्षा: हात एकमेकांवर आडवे टाका, दोन्हींवर कुणीतरी पाठोपाठ टिचकी मारावी, आधी कुठली ते चुकलं तर मेंदू कमजोर. वर फुकटचा उपाय, हाताची घडी घातली की रक्त थांबतं आणि कसलीही कळ बंद.

शेजारच्या काकू विड्या वळतात. त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला सारून हरभरा फिरवला आणि घाबरल्या, "दोन लागतात की रे!" मलाही दोनच लागले.

लागणारच. बोटं सरळ असताना तर्जनीची अंगठ्याकडची कड आणि मधल्या बोटाची पलीकडची कड एकाच हरभऱ्याला कधी शिवत नाहीत. बोटं चढवली की नेमक्या त्याच दोन कडा त्याला लागतात, आणि मेंदू जुन्याच हिशेबानं दोन मोजतो. अ‍ॅरिस्टॉटलनं हे सुमारे २,३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

टिचकीच्या परीक्षेत तर धडधाकट माणूसच नापास होतो. यामामोतो आणि किताझावा या जपानी संशोधकांनी २००१ मध्ये हे दाखवलं. हात आडवे टाकलेले आणि दोन स्पर्शांत ०.३ सेकंदांहून कमी अंतर असलं, की निरोगी लोकही क्रम उलटा सांगतात. स्पर्श उजव्या हाताला, पण तो हात पडलाय डावीकडे. हा मेळ घालायला मेंदूला वेळ लागतो. गंमत म्हणजे जन्मांधांची अशी गफलत होत नाही, हे २००४ मध्ये दिसलं. म्हणजे ही खोड नजरेनं लावलेली. दबलेल्या नसेनं आंधळा-डोळस असा भेद कशाला केला असता?

घडीच्या उपायात थोडं तथ्य आहे, पण रक्ताचा संबंध नाही. लंडनमधल्या २०११ च्या प्रयोगात हात आडवे टाकल्यावर हातावरचा लेसरचा चटका जरासा कमी जाणवला. जरासा, आणि हातावरचा. दाढ धरून बसलेल्यांनी घडी घालू नये.

लकव्यात एका बाजूचा हात अचानक लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, जीभ अडखळते. तेव्हा हरभरा शोधत न बसता दवाखाना गाठायचा. मनगटात नस दबली तर अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री जास्त, बोटं सरळ असली तरीही.

काकूंना हे विचारायचं राहिलंच होतं. काल विचारलं.

"त्या येतातच की, वीस वर्षं झाली," म्हणाल्या, आणि सूप परत मांडीवर ओढलं.