पदं नकोत म्हणणाऱ्यांना

गावाकडच्या आमच्या युवा संस्थेत सध्या वाद पेटलाय. गडांची स्वच्छता, रात्रीची अभ्यासिका, दहावीच्या मुलांसाठी पुस्तकपेढी, काम चांगलं चाललंय. कुणीतरी सुचवलं की जबाबदाऱ्या लिहून वाटून घेऊ, प्रत्येकाची मुदत ठरवू. त्यावर ग्रुपवर उत्तर आलं, "पदं आली की राजकारण आलं. इथं कुणी मोठं नाही, सगळे कार्यकर्ते." खाली अंगठ्यांची रांग. इकडे जर्मनीत हानोफरला बसून ते वाचलं आणि डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही.

कुणी मोठं नाही, हे खरंच नाही. अभ्यासिकेची किल्ली दादांकडे, चेकवर सही दादांची, इन्स्टाग्रामचा पासवर्डही त्यांच्याचकडे. आणि पदं तर आहेतच. १८६० च्या कायद्याने संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात, तेव्हा अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी नावं भरली गेली. त्यातले बरेचजण पुण्या-मुंबईला गेले. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो कुणी दिला नाही, कारण बदल झालाय असं कुणी लिहिलंच नाही. हिशेब ठेवते एक मुलगी. पावत्या तिच्याकडे, मार्चनंतर सीएकडे चकरा तिच्याच. तिचं नाव एकाही कागदावर नाही. पदं नकोत म्हणताना तिला कुणी विचारलं का?

इथेही संस्था नोंदवायला सातच माणसं लागतात. मुलगा जिथे हँडबॉल खेळतो त्या फेराइनची, म्हणजे नोंदणीकृत क्लबची, वार्षिक सभा नुकतीच झाली. कासेनवार्टने, म्हणजे खजिनदाराने, हिशेब वाचला, दोन तपासनिसांनी पावत्या पाहिल्याचं सांगितलं, मग हात वर करून सभेने मंडळाला वर्षाच्या कारभारातून मोकळं केलं, आणि त्यानंतर निवडणूक. मुलांची प्रतिनिधी मुलांनीच निवडलेली, अजून शाळेत जाणारी. तिने शॉवरच्या गार पाण्यावरून अध्यक्षांना उभं आडवं घेतलं आणि ते प्रोटोकोलमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंदलं गेलं. कुणाचा मान दुखावला नाही. अध्यक्षपदासाठी इथेही माणूस शोधावा लागतो, ते मान्य. पण खुर्ची रिकामी असली तर ती रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं तरी.

"तिकडचं तिकडे ठेव," मला सुनावलं गेलं. हे तिकडचं कुठे आहे? जयप्रकाश नारायणांनी १९७५ मध्ये छात्र युवा संघर्ष वाहिनी उभी केली तेव्हा वयाची मर्यादा तीस ठेवली. तिशी ओलांडली की जागा सोडायची. बोधगयेच्या महंतांच्या ताब्यातली जमीन मजुरांना मिळावी म्हणून वाहिनी लढली, आणि त्या लढ्यात बायकांनी जमीन स्वतःच्या नावावर मागितली. राबणारीचं नाव कागदावर हवं, हे आपल्याच चळवळींनी सांगितलेलं आहे. आमचे दादा चाळिशीला टेकले आहेत. संस्था त्यांनी उभी केली, माझ्या हातात पहिल्यांदा माईक त्यांनीच दिला, त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी सल्लागार व्हावं, आणि कधीपासून ते तारीख घालून लिहावं, एवढंच मागतोय.

खरं लागलं ते दुसरं वाक्य. "तू देणगी पाठव, बाकी आम्ही बघतो." पाठवतो की. भारतीय पासपोर्ट आहे तोवर माझ्या पगारातले युरो देशी देणगीतच धरले जातात. उद्या इथलं नागरिकत्व घेतलं तर मी परदेशी, आणि परदेशी देणगीसाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नसलेल्या आमच्या संस्थेला माझा रुपयाही घेता येणार नाही. नागरिकत्व नाही घेतलं तर इथे महापालिकेलाही मत नाही. हात वर करायला मिळतो तो फक्त त्या हँडबॉलच्या सभेत. बायको म्हणते, नागरिकत्वाला लागणारी पाच वर्षं कधीच झाली, अर्ज भर. अर्ज टेबलावर पडून आहे. त्या गावातल्या यादीतून आपण पुसले जाऊ, ही भीती कुणाला सांगायची?

म्हणून आधी सभासद यादी जाहीर करा. माझं नाव नसेल तर स्पष्ट सांगा, वर्गणी भरून रीतसर अर्ज करतो. आणि येत्या सभेत खजिनदार म्हणून त्या मुलीच्या नावाचा ठराव येऊ द्या, अर्थात तिला हवं असेल तर. सूचक म्हणून माझं नाव चालत नसेल तर तुमच्यापैकी कुणीही व्हा. सहीचा अधिकार मात्र त्याच ठरावात तिच्याकडे द्या.