‘पॉश’ बोटीतून आला नाही

गेल्या रविवारी बॅलार्ड इस्टेटमध्ये फिरायला आलेल्या एका घोळक्याला एक तरुण हौसेने माहिती सांगत होता. मीही थांबले. तीच गोष्ट, जी वर्षातून चारदा तरी व्हॉट्सॲपवर येते: “इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब पी अँड ओ कंपनीच्या बोटीत येताना डाव्या बाजूची केबिन घेत आणि परतताना उजव्या बाजूची, कारण तिकडे ऊन लागत नसे. ‘पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे जाताना बोटीची डावी बाजू, घरी परतताना उजवी. तिकिटावर या शब्दांच्या आद्याक्षरांचा जांभळा शिक्का बसायचा. त्यातून पॉश आला. म्हणजे हा शब्द इंग्रजीला मुंबईने दिला!” घोळक्यातल्या एका काकांनी लगेच हातातल्या वहीत टिपून घेतलं. ती वही पाहून राहवलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी तो शिक्का. त्या काळातली तिकिटं, सामानावरची लेबलं, बोटीवरची मेन्यूकार्डं आजही संग्रहांमध्ये जपलेली आहेत. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही, आणि कंपनीच्या दफ्तरातही त्याचा मागमूस नाही. या बोटी ज्यातून येत, तो सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. शिक्क्याची गोष्ट छापलेली सापडते ती मात्र १९३० च्या दशकात.

दुसरं, शब्द या गोष्टीपेक्षा जुना आहे. १८९० च्या सुमारास लंडनच्या बोलीभाषेच्या कोशात ‘पॉश’ नोंदलेला आहे. अर्थ दोन: पैसा, आणि छानछोकी करणारा माणूस. १९१८ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात तरुण लष्करी अधिकारी आईला सांगतो की आमचा वेळ अगदी ‘पॉश’ गेला. यात ना बोट, ना केबिन, ना हिंदुस्थान.

आता उन्हाचा मुद्दा, कारण लोकांना पटतो तो हाच. त्यात तथ्य आहेच. तांबड्या समुद्रातून खाली येताना दुपारचं ऊन उजव्या बाजूला येतं, हिवाळ्यात अरबी समुद्रातही सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवीकडेच. पण आपण मुंबईकर शून्य सावलीचा दिवस पाहतो ना, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो? तो मेच्या मध्यावर येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. त्या दोन दिवसांच्या मधे भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. एडनहून मुंबईकडे निघालेल्या बोटीची उत्तरेची बाजू म्हणजे डावी! म्हणजे जूनमध्ये दुपारचं ऊन त्या महागड्या केबिनकडे, आणि नैर्ऋत्येचा वारा मात्र पलीकडच्या बाजूला. कुणी सावली बघून केबिन मागितलीही असेल. पण तेवढ्याने शब्द जन्माला येत नाही.

आद्याक्षरं जोडून शब्द करायची रीत इंग्रजीत रुळली ती महायुद्धांच्या काळात. त्याआधीच्या शब्दाला अशी फोड चिकटवलेली दिसली की मी सावध होते. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ या चार दिशा, ही त्यातलीच. तो शब्द साधा ‘नवं’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपला विश्वास चटकन बसतो याचं कारण कळतं मला. ऑफिसच्या नोटीसबोर्डावर ‘पॉश समिती’ असते, आणि कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यावरून आलेला तो पॉश खरोखरच आद्याक्षरांचा आहे. दोघांचा संबंध मात्र नाही.

कोणी म्हणतात, मग फारसीतला ‘पोश’ असेल, पोशाखातला, सफेदपोशातला. ऐकायला गोड आहे, पण तिथून लंडनच्या गल्लीपर्यंतचा एकही दुवा हाती नाही.

खरी रंजक वाट वेगळीच आहे. ‘पॉश’चा पैसा हा अर्थ, नेमकं सांगायचं तर अर्ध्या पेनीचं नाणं, इंग्लंडमधल्या रोमा लोकांच्या, म्हणजे मूळच्या भारतातून गेलेल्या भटक्या समाजाच्या, भाषेतून आला असं मानतात. त्यांच्याकडे ‘पाश’ म्हणजे अर्धा. तो शब्द संस्कृत ‘पार्श्व’पासूनचा, म्हणजे बाजू. आपण ‘माझ्यापाशी’ म्हणतो त्यातला ‘पाशी’ही तिथलाच. नाण्यापासून छानछोकीपर्यंतचा टप्पा कोशकार पक्का मानत नाहीत, आणि मीही मानणार नाही. पण अभिमान वाटून घ्यायचाच असेल, तर साहेबाच्या सावलीपेक्षा मला हे नातं जवळचं वाटतं.

आणि अर्थही एकसारखा नाही. आपण ‘पॉश एरिया’, ‘पॉश फ्लॅट’ म्हणतो ते निखळ कौतुकाने. इंग्लंडमध्ये एखाद्याच्या बोलण्याला पॉश म्हणतात तेव्हा त्यात वरच्या वर्गाबद्दलची अढी बऱ्याचदा मिसळलेली असते.

पी अँड ओच्या त्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे पुष्कळ खलाशी होते. ‘पोर्ट’ला खलाशांच्या बोलीत ‘डावा’ म्हणत. बॅलार्ड पिअरवर सांगायला हा शब्द आहे. काकांच्या वहीत तो जायला हवा होता.