प्रतिक्रियेला उत्तर : हरलेल्याला परत यायची वाट

काका, सप्रेम नमस्कार.

राजकीय फुटीतून देश यादवीकडे जाऊ शकतो का, या माझ्या लेखावर तुम्ही खारघरहून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : 6 जानेवारी 2021 ला अमेरिकेत निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव संसदेवर चालून गेला, त्यावरून मी इथल्या लोकांना बागुलबुवा दाखवतेय. भारत मुळातच सहिष्णू, इथे असलं काही व्हायचं नाही. आणि उपाय हवाच असेल तर सगळ्यांनी भांडणं बाजूला ठेवून एका सुरात बोलावं. शेवटी तुम्ही लिहिलंत, "आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे, म्हणून शांतता आहे."

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण माझा खरा मतभेद तिथे आहे. लोक फार भांडतात म्हणून देश पेटत नाही. पुढच्या खेपेला आपली पाळी येईल आणि तोवर आपलं घर, नोकरी, जीव शाबूत राहील, हा भरवसा हरलेल्या बाजूला उरला नाही की मग बंदुकीवाल्यांचं ऐकलं जातं. एका सुराची सक्ती हा भरवसा वाढवत नाही, खाऊन टाकते.

उदाहरणासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, श्रीलंका पुरे. 1956 साली तिथे फक्त सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात समझोता झाला, पण बौद्ध भिक्खूंच्या दबावाखाली 1958 मध्ये बंडारनायक्यांनी तो मोडला. सत्तरच्या दशकात विद्यापीठात प्रवेशासाठी तमिळ मुलांना जास्त गुण लागू लागले. तरीही तमिळ मतदार मतदानाला जात राहिले. 1977 ला त्यांची आघाडी, वेगळ्या देशाची मागणी घेऊन का होईना, संसदेत प्रमुख विरोधी पक्ष झाली! 1981 मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, 90 हजारांहून अधिक पुस्तकांसकट. 1982 च्या अखेरीस सरकारनं सार्वत्रिक निवडणूकच टाळली आणि सार्वमत घेऊन जुन्याच संसदेची मुदत वाढवली. जुलै 1983 मध्ये जाफन्यात 13 सैनिक मारले गेल्यावर कोलंबोत जमाव तमिळांची घरं शोधत फिरले, तेव्हा त्यांच्या हातात मतदार याद्या होत्या. काका, या तपशिलाशी मी नेहमी अडखळते. ज्या कागदावर नाव असलं की माणूस नागरिक ठरतो, तोच कागद घर जाळायला वापरला गेला.

त्यानंतर लगेच फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची झाली. तमिळ खासदारांनी ती घेतली नाही आणि त्यांच्या जागा गेल्या. संसदेत त्यांच्या बाजूनं बोलणारं जवळजवळ कुणी उरलं नाही. उरले ते वाघ, म्हणजे वेगळ्या देशासाठी बंदूक उचललेली एलटीटीई. त्यांनी मग अमिर्तलिंगम यांच्यासारखे स्वतःच्याच समाजातले मवाळ नेतेही मारले. युद्ध 2009 पर्यंत चाललं आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं 80 हजार ते 1 लाख माणसं गेली.

आता पाल्कच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे, आपल्या तमिळनाडूत या. तिथला द्रमुक पक्षही एकेकाळी द्रविडनाडू हा वेगळा देश मागत होता. 1963 मध्ये आपल्याकडे सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि निवडणूक लढवणाऱ्याला देशाच्या अखंडतेची शपथ घेणं भाग पडलं. द्रमुकचे नेते अण्णादुराई यांनी मागणी सोडली आणि पक्ष निवडणुकीत ठेवला. 1965 ला हिंदीविरोधी आंदोलन भडकलं. तरुणांनी स्वतःला जाळून घेतलं, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. शास्त्रीजींनी इंग्रजी चालू राहील अशी हमी दिली. 1967 ला द्रमुक निवडून आला, अण्णादुराई मुख्यमंत्री झाले, आणि त्याच वर्षी ती हमी कायद्यात आली. शपथ दोन्हीकडे होती. फरक एवढाच की अण्णादुराईंना शपथेपलीकडे सत्तेची वाट दिसत होती, कोलंबोतल्या तमिळ खासदारांना दिसत नव्हती. तमिळ माणूस इकडे सहिष्णू आणि तिकडे हिंसक, असं थोडंच आहे?

आपल्या संयुक्त महाराष्ट्राचंही तेच. शंभरावर हुतात्मे झाले, त्या काळातली कटुता तुमच्या पिढीला मी काय सांगावी! पण 1957 ला समितीला मतपेटीतून आपली ताकद दाखवता आली आणि 1960 ला राज्य मिळालं. तेव्हा दिल्लीनं "एका सुरात बोला" एवढंच धरून ठेवलं असतं तर?

अमेरिकेबद्दल थोडंच. 1860 ला लिंकन निवडून आले आणि त्यांनी शपथ घेण्याआधीच दक्षिणेतली राज्यं फुटायला लागली. तिथे हरलेल्यांची वाट कुणी बंद केली नव्हती. गुलामगिरी धोक्यात येईल म्हणून त्यांनी हारच मानली नाही. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी बंद होऊ शकते, आणि 2021 बद्दल मला काळजी वाटली ती याच दुसऱ्या प्रकाराची.

"आपल्याकडे होणार नाही" हे मात्र मला अजिबात मान्य नाही. मे 2023 पासून मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी वस्त्यांच्या मध्ये बफर झोन आहेत, अडीचशेहून अधिक माणसं मेली, पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो बंदुका लुटल्या गेल्या. तेही आपल्याच संस्कृतीतले लोक आहेत.

आणि ठाण्यात काय दिसतं? जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. शाखा कुणाची, बॅनर कुणाचा, यावरून हमरीतुमरी झाली, घरं दुभंगली. नाव आणि धनुष्यबाण निवडणूक आयोगानं शिंदे गटाला दिला, आणि तो निर्णय न पटलेले सुप्रीम कोर्टात गेले. 2024 च्या विधानसभेला माझी इलेक्शन ड्युटी एका शाळेत होती. पहाटे मॉक पोल झालं : पन्नासेक मतं टाकायची, चिठ्ठ्या मोजायच्या, यंत्राच्या आकड्याशी ताळा जमवायचा, सगळं पुसून सील लावायचं. दोन्ही सेनांचे पोलिंग एजंट एकाच बाकावर बसले होते, दिवसभर एकमेकांशी धड बोलले नाहीत. संध्याकाळी 17-सी फॉर्म, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब, भरताना एकानं एकूण मतांचा आकडा आपल्या वहीतल्या रेघांशी ताडून पाहिला, न बोलता वही दुसऱ्यापुढे सरकवली, आणि मग दोघांनी सह्या केल्या. ते एकमेकांना आवडत नव्हते. आवडायची गरजही नव्हती. आकड्यावर दोघांचा विश्वास बसला, एवढं पुरेसं होतं.

म्हणून ग्रुपवरच्या बंदीला मी शांतता म्हणणार नाही. तिथे जे बोलायचं नाही असं ठरलंय ते लोक दुसऱ्या, फक्त आपल्याच बाजूच्या ग्रुपवर बोलतात, आणि तिथे त्यांना अडवणारं कुणी नसतं.

तुम्ही थेट विचारलंत, म्हणून थेट सांगते : आज देशभर यादवी होईल असं मला वाटत नाही. पण कोर्ट, मतदार यादी, मतमोजणी यांतल्या कशावरचाही हरलेल्यांचा विश्वास उडाला, तर माझं मत बदलेल. तुमच्या प्रतिक्रियेत मणिपूरबद्दल काहीच नव्हतं. त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते जरूर लिहा.